लेलियानसचं नाव दिसलं की आधी नाणं उलटं करा

रोमपासून फुटून निघालेल्या गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या भागातल्या) साम्राज्याची (इ.स. २६०–२७४) नाणी जमवायची तर टेट्रिकस आणि व्हिक्टोरिनस या तिथल्या सम्राटांपासून सुरुवात करा. फ्रान्स-ब्रिटनमधल्या साठ्यांत ती ढिगाने सापडतात, म्हणून स्वस्त असतात. लेलियानसचं तसं नाही. २६९ मध्ये त्याने मैंझला (आजच्या जर्मनीत) गॉलचा सम्राट पोस्टुमस याच्याविरुद्ध बंड केलं आणि थोड्याच काळात संपला. त्याच्या नाण्याला भाव येतो तो नावामुळे, आणि लबाडीही नावातच होते.

व्हिक्टोरिनसच्या झिजलेल्या नाण्यावरची अक्षरं कोरून लेलियानसचं नाव करतात. नाणं मुळात खरंच असल्याने धातू आणि वजन दोन्ही बरोबर भरतात. वजनकाट्यावर विसंबून राहाल तर हमखास फसाल. दहापट भिंग घ्या. ठशाने उठलेलं अक्षर पायाशी जरा पसरट असतं. कोरलेल्या अक्षराभोवतीची जमीन मात्र खाली गेलेली असते, तिथे बारीक ओरखडे दिसतात आणि पॅटिनाचा (जुन्या धातूवर चढलेल्या थराचा) रंग नेमका तिथेच बदलतो. मग मागची बाजू बघा. लेलियानसच्या अँटोनिनियानसवर (त्या काळच्या नेहमीच्या रोमन नाण्यावर) जवळजवळ नेहमी धावती विजयदेवता आणि ‘व्हिक्टोरिया ऑगस्टी’ असतं. तिथे उभी पाक्स (शांतिदेवता) किंवा साल्युस (आरोग्यदेवता) दिसली तर सौदा तिथेच सोडा. विजयदेवता असली म्हणूनही खात्री नाही, कारण व्हिक्टोरिनसनेही ती वापरली आहे. तेव्हा जुन्या लिलावांच्या कॅटलॉगमधून त्याच ठशाचं नाणं शोधून चेहरा ताडून पाहा. वेळखाऊ काम आहे, पण फोटोवर नजर टाकून ‘अस्सल’ म्हणणाऱ्या गुरूंपेक्षा कॅटलॉग बरे.

याच साम्राज्यातला अल्पकाळचा दावेदार दुसरा डोमिशियनस, त्याच्या तर फंदातच पडू नका. त्याची दोनच नाणी सर्वमान्य आहेत : एक फ्रान्समध्ये १९०० साली सापडलेलं, दुसरं ऑक्सफर्डशरमधल्या चालग्रोव्हचं, २००३ चं.

भारतात राहणाऱ्यांनी हे सगळं पैसे देण्याआधीच करावं. शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, तसा १९७२ चा कायदा आहे. ‘परत घेऊ’ या परदेशी विक्रेत्याच्या हमीला इथे फारसा अर्थ उरत नाही.

मात्र प्रत्येक वेड्यावाकड्या नाण्याला घाबरू नका. टेट्रिकसच्या बुटक्या, अशुद्ध अक्षरांच्या नकला त्याच काळात सुट्ट्या पैशांच्या टंचाईतून निघाल्या. त्या जमवण्याजोग्या आहेत, फक्त नकलेच्याच भावाने घ्या. ब्रिटनमध्ये सत्ता बळकावणाऱ्या कॅराउसियसने (२८६–२९३) सुरुवातीला जुन्याच नाण्यांवर आपला ठसा मारला. त्यामुळे त्याच्या नाण्यावर आधीच्या सम्राटाच्या मुकुटाचे काटे किंवा उलटी अक्षरं डोकावत असतील, तर तो दोष समजू नका. मला तर तशीच जास्त आवडतात.