स्पीकर घेताय? आधी दुकानात ऐका, पण पैसे घरी ऐकून द्या

मागच्या वर्षी सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानातून टॉवर स्पीकर आणले, तिथं तबला ऐकून अंगावर काटा आलेला, आणि घरी लावले तर डग्गा नुसता घूं घूं, शोकेसची काच पण साथीला बसली. स्पीकर तेच, खोली बदलली की वो. आमचा हॉल 10 बाय 12, खाली शहाबादी फरशी, भिंती मोकळ्या.

दुकानात जाताना रोज ऐकता ती तीन-चार गाणी फोनमध्ये न्या, त्यांची डेमोची गाणी स्पीकर खुलवण्यासाठीच निवडलेली असतात. दोन जोड्या ऐकताना आवाज सारखा ठेवायला लावा, फोनवरच्या साउंड मीटरनं एकाच जागी बसून मोजा, कारण एक-दोन डेसिबल मोठा वाजणारा स्पीकर कानाला उगाच भारी वाटतो आणि सेल्समनला हे आपल्यापेक्षा चांगलं माहितीय. बास-ट्रेबलची, म्हणजे जाड-बारीक सुरांची, बटणं मधोमध. आणि अॅम्प, म्हणजे स्पीकर वाजवणारा अॅम्प्लिफायर, कुठला जोडलाय तेही विचारा, घरचा तसा नसेल तर तुलना गेली. चकचकीत ट्रेबल दहा मिनिटं गोड वाटतो, तासाभरानं डोकं धरतं, म्हणून घाईत हो म्हणू नका. दुकानात एवढंच ठरतं, की कुठला नको.

चार दिवस घरी ट्रायल द्या म्हणून सरळ मागा, परत घ्यायची अट बिलावर लिहून घ्या.

घरी आणल्यावर खोलीत टाळी वाजवा. झण्ण् असा आवाज मागं राहिला तर भिंती बोलतायत. मग तुम्ही रोजच्या जागी बसा, घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा, जिथं आरशात स्पीकर दिसेल तिथं जाड चादर दुहेरी करून टांगा, सोलापुरात चादरीला काय तोटा! पण चादरीनं बास जात नाही बरका. 10 फुटांवरच्या दोन समोरासमोर भिंतींत साधारण 56 हर्ट्झचा सूर घुमतो, त्याला स्पीकर किंवा आपली खुर्ची हलवणं हाच इलाज. ऐकायचं ते सकाळीच, मे महिन्यात कूलर सुरू झाला की बारीक आवाज सगळे त्यात बुडतात.

मी टॉवर कोपऱ्यातनं काढून भिंतीपासून दीड हात पुढं ओढले, खुर्ची मागच्या भिंतीपासून सोडवली, तर डग्ग्याची मींड सुटी ऐकू यायला लागली. शोकेसच्या काचेखाली मात्र पुठ्ठ्याचा तुकडा खोचलाय तो अजून तसाच आहे.