नोकिया एन९०० मधील होम पार्टिशन वाढवताना

२००९ सालच्या नोकिया एन९०० या लिनक्सवर चालणाऱ्या फोनमध्ये ३२ जीबी फ्लॅश मेमरी असूनही होम (वापरकर्त्याच्या फाइली) आणि ऑप्ट (बसवलेले प्रोग्रॅम) या फोल्डरांच्या वाट्याला जेमतेम २ जीबीचे पार्टिशन, म्हणजे मेमरीचा स्वतंत्र आखलेला भाग, येते, कारण त्याच्या आधीची बहुतेक जागा फॅट पार्टिशनने (संगणकालाही वाचता येणाऱ्या साध्या फाइल सिस्टीमच्या भागाने) व्यापलेली असते. ही जागा होम पार्टिशनच्या नंतर नव्हे, आधी असल्यामुळे रिसाइझ-टू-एफएस (resize2fs) या आकार बदलणाऱ्या आज्ञेने होमची ईएक्सटी३ ही लिनक्स फाइल सिस्टीम थेट वाढवता येत नाही. दोन्ही पार्टिशने नव्याने आखावी लागतात. म्हणून दोन्हींतील मजकूर आधी संगणकावर घ्यावा, आणि होमचा बॅकअप टार फाइलमध्येच (अनेक फाइली त्यांच्या माहितीसह एकत्र बांधणाऱ्या फाइलीत) ठेवावा, कारण नुसत्या फाइली फॅट डिस्कवर उतरवल्यास फाइलींच्या परवानग्या व सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारे दुवे) हमखास नाहीसे होतात. चालू प्रणालीत हे पार्टिशन वापरात असते, त्यामुळे रॅममधून चालणारी बचाव प्रणाली सुरू करावी. पार्टिशनांचा क्रम मात्र अजिबात बदलू नये.