प्रमोशनला हो म्हणायच्या आधी तास मोजा: नागपुरात नोकरी करणाऱ्यांसाठी

अप्रेझलची पत्रं हातात पडली की आमच्याकडे दरवर्षी तीच चर्चा सुरू होते, पगार तर वाढला बावा पण जगून कधी राहिलो आपण, मग कोणी म्हणतं नोकरीच सोडतो, कोणी म्हणतं पुण्याला जातो, कोणी म्हणतं आईबाबांजवळ इथेच राहायचंय पण मग करिअरचं काय. मी बरीच वर्षं आयटीत आहे, टीम सांभाळतो, पोरापोरींचे राजीनामे वाचलेत आणि प्रमोशनची पत्रंही दिलीत, त्यावरून माझं ठाम मत झालंय की हा प्रश्न "करिअर की समाधान" एवढा मोठा करून मांडला की माणूस त्यात नुसता गोल गोल फिरत राहतो. तोच प्रश्न तासांत आणला की निर्णय घेता येतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे तुमच्या पगाराचा तासाचा खरा दर काढा. महिन्याला हातात येतात ते रुपये घ्या आणि नोकरीसाठी गेलेल्या सगळ्या तासांनी भागा, सगळ्या म्हणजे सगळ्या, ऑफिसचे तास, जाण्यायेण्याचे, जेवल्यानंतर लॅपटॉप उघडून बसता ते, रविवारी दुपारी "फक्त एक मेल बघतो" म्हणता ते पण. समजा हातात ९०,००० येतात. रोजचे ९ तास, २२ दिवस म्हणजे १९८ तास. मिहानला, म्हणजे विमानतळाजवळच्या आयटी कंपन्यांच्या भागात, जाऊन येऊन रोजचा दीड तास धरला तर ३३. रात्रीचे कॉल आणि सुट्टीतलं काम मिळून ३५. झाले २६६ तास, म्हणजे तासाला साधारण ३३८ रुपये. आता प्रमोशन मिळालं, १,१०,००० झाले, पण टीम मोठी, क्लायंट नवा, महिन्याचे ६० तास वाढले. ३२६ तासांनी भागा, ३३७ येतात. म्हणजे दर जागच्या जागीच आहे, तुम्ही फक्त महिन्याचे आणखी ६० तास त्याच भावात विकले. तरी ते प्रमोशन घ्यावं असं तुमचं मत होऊ शकतं, डोक्यावर कर्ज असेल, बहिणीचं शिक्षण असेल, किंवा ते कामच तुम्हाला मनापासून आवडत असेल, पण मग निदान काय देऊन काय घेतोय हे माहीत असतं. हिशोब न करता हो म्हटलेली माणसं वर्षभरात किती चिडचिडी होतात ते मी जवळून बघितलंय.

हे ६० तास कळणार कसे? ज्याच्या जागेवर तुम्ही जाणार त्याला विचारा. मॅनेजरला विचारलं तर तो "फ्लेक्सिबल आहे" म्हणतो, तोही खोटं बोलत नसतो, त्याला दिसत नसतं. त्या माणसाला चहाला घेऊन जा आणि सरळ विचारा की मागच्या महिन्यात रात्री दहानंतर किती वेळा लॅपटॉप उघडला, सुट्टीवर असताना फोन आले का, रिलीजच्या आठवड्यात (नवीन सॉफ्टवेअर बाहेर पडतं तेव्हा) घरी कधी पोचत होतास. आठवडाभराचं कॅलेंडर दाखव म्हणावं, दाखवतात लोक.

आता नागपूरचं सांगतो, कारण इथे एक गोष्ट आपल्याकडे जास्त आहे आणि एक मोठी अडचण पण आहे. जास्त काय, तर वेळ. मुंबईत लोकलमध्ये किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जेवढा वेळ जातो तेवढा आपला जात नाही, मनीष नगर-बेसाकडून मिहान हाकेच्या अंतरावर, आणि २०२२ च्या डिसेंबरपासून मेट्रोची लाईन ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत सलग आहे, लोकमान्य नगर किंवा प्रजापती नगरकडून येणारे सीताबर्डीला गाडी बदलतात. हा वाचलेला वेळ कुठे जातो हे मात्र बहुतेकांना सांगता येत नाही. अडचण म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना अंबाझरी असो की सेमिनरी हिल्स, फिरणं, पळणं, सायकल जे काय करायचं ते सकाळी सातच्या आत, त्यानंतर बाहेर निघणं म्हणजे शिक्षा. आणि रात्री अकरापर्यंत अमेरिकेशी कॉल चालू असेल तर पाचला उठणार कोण? म्हणजे संध्याकाळचा कॉल संध्याकाळ तर खातोच पण दुसऱ्या दिवशीची सकाळ पण खातो, तास मोजताना हा दुहेरी खर्च धराच.

कॉलचा विषय निघालाच आहे तर एक कामाची गोष्ट. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे घेतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करतात. न्यूयॉर्कचा सकाळी ९ चा कॉल आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला असतो, तोच नोव्हेंबरपासून साडेसातला सरकतो. त्यांच्यासाठी काहीच बदललेलं नसतं, त्यामुळे कोणी सांगत पण नाही, आणि आपले चार महिने जेवणाच्या ताटावर हेडफोन लावून जातात. ऑक्टोबरमध्येच क्लायंटला लिहा की नोव्हेंबर ते मार्च हा कॉल तुमच्याकडे सकाळी ८ ला घेऊ या का. ऐन वेळेवर विचारलं की कुरकुर होते, महिनाभर आधी विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात.

आमच्या टीममधल्या एका मुलीने हे फार नीट केलं. ती हौशी नाटकात काम करते, राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे दिवस साधारण त्याच सुमारास येतात, म्हणजे तालमी जोरात आणि नेमका कॉल पुढे सरकलेला. तिने कॅलेंडरवर "बिझी" असं मोघम टाकलं नाही, सरळ लिहिलं, "नाटकाची तालीम, ७.१५, धंतोली, मंगळ-गुरू". मला भेटून म्हणाली, सर मी सहा चाळीसला निघीन, त्याच्या आधी दिवसाचं स्टेटस लिहून टाकीन, अडलं तर अमुक जण बघेल, त्याच्याशी बोलून झालंय, आणि त्याच्या शनिवारच्या ड्यूट्या मी घेऊन राहिली. मी नाही म्हणायचं कशाला? पुढच्या काही आठवड्यांत तर असं झालं की सहा चाळीस वाजले की बाकीचेच तिला म्हणायचे, निघ ना, तालीम आहे न तुझी. क्लायंटने एकदा कॉलवर नाटकाबद्दल विचारलं, पाच मिनिटं त्यावर गप्पा झाल्या.

यात शिकण्यासारखं काय ते बघा. तिची वेळ दुसऱ्या माणसांशी बांधलेली होती. "रोज अर्धा तास स्वतःला देईन" हे ठरवलेलं टिकत नाही, कारण तो अर्धा तास मोडला तर कोणालाच फरक पडत नाही, पण आठ जण तालमीला ताटकळत बसणार असतील तर तुम्ही निघताच. म्हणून छंद निवडताना असा निवडा की त्यात कोणीतरी तुमची वाट बघत असेल, तबल्याचा क्लास, टेकडीवर जाणारा ग्रुप, वस्तीतल्या पोरांची रविवारची शिकवणी, सोसायटीतलं क्रिकेट, गोरेवाड्याला पक्षी बघायला जाणारी मंडळी. आठवड्यातली एकच वेळ घ्या. एकदम चार गोष्टी सुरू करणारे महिन्याभरात चारही सोडतात.

सगळ्यांना छंदच हवा असं पण नाही. आपल्या विदर्भात कितीतरी जणांचं घरचं शेत आहे आणि वडील थकत चाललेत. माझ्या ओळखीचा एक जण, काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग, अंबिया बहार घेतात, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलं धरणारं पीक. त्यासाठी डिसेंबरात झाडांचं पाणी तोडावं लागतं, जानेवारीत पुन्हा सुरू करायचं, मग फुलं धरतात, पाणी कधी सोडायचं हा निर्णय चुकला तर वर्षाचं पीक गेलं. त्याने काय केलं, वर्षभर दर आठवड्याला जाईन असल्या शपथा घेतल्या नाहीत, वर्षाच्या सुरुवातीलाच रजांचं कॅलेंडर बागेच्या कॅलेंडरवर बसवलं, डिसेंबर-जानेवारीतले शनिवार आणि काढणीच्या वेळची आठवडाभराची रजा, आणि ते जानेवारीतच मॅनेजरला कळवून टाकलं. बाकी महिने तो मन लावून नोकरी करतो, उशिरापर्यंत पण थांबतो. मला ही पद्धत फार पटते. बरोबरी रोजच्या रोज साधायचा हट्ट धरला की माणूस दोन्हीकडे अपराधी वाटून घेतो, वर्षाचा हिशोब केला तर जमतं.

पुण्याला जायचं का, हा प्रश्न प्रत्येक घरात आहे. पगाराचे दोन आकडे शेजारी ठेवून निर्णय करू नका. पुण्याच्या आकड्यातून भाडं वजा करा, प्रवासाचे तास वर सांगितले तसे धरा, दिवाळीची तिकिटं धरा, आणि आईबाबांसाठी इथे कोणाला ठेवावं लागलं तर तो खर्च धरा. पण उलटं पण सांगतो, तुम्हाला जे काम करायचंय ते नागपुरात होतच नसेल तर जा, मनात खंत घेऊन आईबाबांजवळ राहिलेला मुलगा त्यांनाही नको असतो. फक्त "इथे काही नाही" हे ऐकीव ठेवू नका. मिहानमधल्या आयटी कंपन्या आणि विमान दुरुस्तीचं केंद्र, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, वेकोलि या कोळसा कंपनीचं मुख्यालय, एम्स, आयआयएम, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था, एवढं तर समोर दिसतंय. आधी इथे शोधा, आणि आईबाबांशी बोलताना "तुमच्यासाठी थांबलो" हे वाक्य टाळा. त्यांना नेमकं काय हवंय ते विचारा, कधीकधी त्यांना फक्त दवाखान्यात जाताना सोबत कोणी हवं असतं.

तास मोजून, संध्याकाळ वाचवून, सगळं करूनही नोकरी सोडायचीच असेल तर भावनेच्या भरात मेल टाकू नका, आधी ही कामं करा.

घराचं कर्ज. ४० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के, म्हणजे हप्ता जवळपास ३४,७००. दरवर्षी एक जास्तीचा हप्ता भरत गेलात तर हेच कर्ज साडेसोळा वर्षांत संपतं, आणि बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर आधी पैसे भरल्याचा दंड लागत नाही. पुढे कधीतरी मनासारखं काम करायचंय असं वाटत असेल तर बोनसचा पहिला हक्क या कर्जाचा, गाडी नंतर. विमा तर लोक हमखास विसरतात. कंपनीचं आरोग्य कवच नोकरीसोबत जातं, आणि त्यात आईबाबा असतील तर ते पण उघड्यावर येतात. स्वतःची पॉलिसी नोकरी चालू असतानाच काढा, कारण आधीपासून असलेल्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रॅच्युइटीचं पण बघा, कायम नोकरीत ५ वर्षं झाली की मिळते, शेवटचा मूळ पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, म्हणजे मूळ पगार ४०,००० असेल तर ५ वर्षांचे १,१५,००० च्या वर होतात, थोडे महिने उरले असतील तर राजीनाम्याची तारीख जरा पुढे न्या. आणि घरखर्च व हप्ता धरून सहा महिन्यांचे पैसे बाजूला पाहिजेतच. हे सगळं मांडून जोडीदारासोबत बसा, चांगला तासभर बसा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून.

आता तब्येत, आणि यात मी अजिबात तडजोड करत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलं की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. वरच्या उदाहरणातला प्रमोशनवाला माणूस प्रवास सोडून बघा, २९३ तास, म्हणजे आठवड्याला ६५ च्या वर. झोपूनही थकवा जात नाही, ज्या कामाचा अभिमान होता त्याचा तिटकारा येऊन राहिला, साधं काम पण आपल्याकडून होत नाही असं वाटतं, ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर छंद-बिंद बाजूला ठेवा आणि आधी कोणाशी तरी बोला. टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा काहीच नाही.

आणि तुमच्या हाताखाली माणसं असतील तर एवढं करा. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला एकट्याला गाठून विचारा की कोणता तास त्याला कोणत्याही परिस्थितीत मोकळा हवाय, आणि तो टीमच्या कॅलेंडरवर त्याच्या नावाने टाका. रिलीजच्या रात्री जो थांबला त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी द्या, त्याने मागायच्या आधी. रात्री काही सुचलं तर मेल लिहून ठेवायला हरकत नाही, पण तो सकाळी साडेनऊला जाईल असा शेड्युल करा, कारण तुम्ही "उद्या बघ" लिहून पाठवलं तरी समोरचा पोरगा तो अकरा वाजताच उघडतो.