कोकणातल्या हवेत केसांना मेंदी लावताना या चुका टाळा

मे महिन्यातली गोष्ट. आईच्या केसांना मेंदी लावायची म्हणून आदल्या रात्री लोखंडी कढईत भिजवली आणि मागील दारी झाकून ठेवली. शेजारच्या काकी म्हणाल्या होत्या, "रात्रभर कढईत राहिली की काळी होते गो." सकाळी पाहिलं तर खरंच काळपट झाली होती. तीन तास लावून धुतली, तेव्हा कानशिलावरचे पांढरे केस जेमतेम पिवळट-केशरी झाले होते. आई काही बोलली नाही, पण दोन दिवस डोक्यावरचा पदर काढला नाही. पुढच्या महिन्यात त्याच पाकिटातली उरलेली मेंदी मी दुपारी भिजवली, संध्याकाळी लावली आणि रंग विटेसारखा लाल आला. म्हणजे पूड चांगलीच होती. चूक झाली ती रात्रभर ठेवण्यात.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. पूड आंबट पाण्यात भिजली की ते हळूहळू सुटतं, केसातल्या केरॅटिन नावाच्या प्रथिनाला धरून बसतं, म्हणून धुऊन जात नाही. पण सुटलेलं लॉसोन तसंच पडून राहिलं तर त्याचा जोर जातो. हवा 20-22 अंशांची असेल तर रंग सुटायला 8 ते 12 तास लागतात. 35 अंशांना दोनेक तासांत काम होतं. 'रात्रभर भिजवा' हा सल्ला थंड, कोरड्या गावच्या हवेतला आहे. आपल्याकडे मेच्या रात्री उकाड्याने झोप लागत नाही, तिथे मेंदी सकाळपर्यंत कशी टिकेल? श्रावणातल्या गार, ओल्या दिवसांत मात्र तीच मेंदी जास्त वेळ मागते.

म्हणून घड्याळ बघू नका, तळहात बघा. भिजवलेल्या मेंदीचा चिमूटभर गोळा तळहातावर ठेवा, पाच-सात मिनिटांनी पुसा. स्पष्ट नारिंगी डाग उमटला की मेंदी तयार. वरची साय तपकिरी आणि आतला भाग हिरवा, हीसुद्धा चांगली खूण. मेंदी तयार झाली आणि नेमके पाहुणे आले, तर डबा फ्रीझरमध्ये टाका. रंग टिकून राहतो.

आता कढईबद्दल. लोखंड, चहाचं पाणी आणि आवळा एकत्र आले की काळा रंग तयार होतो, आणि मेंदी काळी दिसते ती त्यामुळे. केसांवर थोडी गडद छटा येते हे खरं, पण लाल रंग मंदावतो आणि केस खरखरीत वाटतात. मी आता काचेच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात भिजवते. आंबटपणासाठी लिंबू घालायचं तर थोडंच, फार झालं की केस रुक्ष होतात. कोकमाचं आगळ मात्र घालू नका, त्यात मीठ असतं. आणि आमसुलाची लाली केसांवर चढेल ही आशाही सोडा, ती पहिल्याच पाण्यात जाते.

पाण्याकडे फार कमी जणी लक्ष देतात. जांभ्या दगडातल्या विहिरींच्या पाण्यात बरेचदा लोह असतं. बादलीच्या तळाला तांबूस गाळ बसतो तो त्याचाच. असं पाणी उकळून, निवळून, वरचं तेवढंच घ्या. खाडीकाठच्या मचूळ पाण्याने मेंदी नीट निघत नाही, केसांचा गुंता होतो. पावसाळ्यात कौलांवरचं पहिलं पाणी जाऊ दिल्यावर पागोळ्यांखाली बादली लावा. त्या पाण्याने धुतलेले केस किती मऊ होतात ते एकदा बघाच.

काळ्याभोर केसांना मेंदी लावून लाल रंगाची वाट पाहणं ही दुसरी मोठी चूक. मेंदी केसांचा मूळ रंग उडवत नाही, त्यावर फक्त पातळ लाल छटा चढवते. त्यामुळे काळे केस घरात काळेच दिसतात, उन्हात अंगणात उभं राहिलं की तांबूस चमकतात. लाल होतात ते पांढरे केस. म्हणून आधी ठरवा, रंग हवा की मऊपणा. केस सगळे काळे असतील आणि फक्त पोत सुधारायचा असेल, तर मेंदीत दही किंवा जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत गर खुशाल घाला. पांढरे झाकायचे असतील तर दही, अंडं, तेल काहीच नको, ते रंगाला केसापर्यंत पोचू देत नाही. आपल्याकडे डोक्याला खोबरेल असतंच, ते आदल्या दिवशी शिकेकाईने किंवा शाम्पूने धुऊन काढा. तेलाचं बोट लावायचं ते कपाळाच्या नि कानाच्या कडेला, म्हणजे तिथे डाग पडत नाही.

लावल्यावर मेंदी वाळू देऊ नका. वाळली की रंग चढणं थांबतं आणि काढताना केस ओढले जातात. प्लॅस्टिकची टोपी घाला, किंवा केळीचं कोवळं पान गुंडाळून वर जुना पंचा बांधा. दोन ते चार तास पुरे.

ज्यांना काळेच केस हवेत, त्यांनी 'काळी मेंदी' घेऊ नका. मेंदीचं पान कधीच काळा रंग देत नाही. अर्ध्या तासात काळे केस होतील असं पाकिटावर असेल, तर त्यात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याने काहींना टाळूवर फोड येतात, डोळे सुजतात. शुद्ध मेंदीनंतर निळीच्या झाडाच्या (इंडिगोच्या) पानांची पूड लावा. ती कोमट पाण्यात भिजवायची, लिंबू अजिबात नाही, आणि 10-15 मिनिटांत लावायला घ्यायची. ठेवली की वाया जाते. कोणतीही नवी पूड आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा. तान्ह्या बाळांना आणि जी-६-पीडी या रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्यांना मेंदी मुळीच लावू नका, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

धुतल्यावर रंग भडक केशरी दिसला तर घाबरून लगेच शाम्पू करू नका. हवा लागून दोन दिवसांत तो गडद होतो, तोवर नुसत्या पाण्याने धुवा. केस पहिले एक-दोन दिवस कोरडे वाटतात. दुसऱ्या दिवशी थोडं कोमट खोबरेल लावलं की बसतात. पुढच्या वेळी फक्त मुळांशी वाढलेल्या पांढऱ्या केसांना लावा. दरवेळी टोकांपर्यंत लावलीत तर थरावर थर चढून टोकं काळपट-लाल नि कडक होतात, आणि तो रंग उतरवता येत नाही.