भाट्याच्या चढावर दम का लागतो? या चुका टाळा

पहाटे साडेपाचला रत्नागिरीजवळचा भाट्याचा पूल ओलांडला की खाडीवरचा वारा अंगाला लागतो, सुरूच्या बनालगतचा सपाट रस्ता समोर येतो आणि पाय सुटतात. चूक तिथेच होते. झरी विनायकाच्या देवळापुढे चढ लागला की छाती धपापते आणि आपण म्हणतो, ताकद संपली.

संपलेली नसते. तसं असतं तर परतताना चहाची टपरी दिसताच त्याच पायांनी आपण उधळलो नसतो. दक्षिण आफ्रिकेतले व्यायामशास्त्रज्ञ टिम नोक्स म्हणतात, उरलेलं अंतर आणि अंगातली उष्णता यांचा हिशेब करून मेंदूच स्नायूंबाबत हात आखडता घेतो. त्याच विषयाचे दुसरे अभ्यासक सामुएले मार्कोरा यांना असा आपोआपचा मुकादम मान्य नाही. श्रम किती जड वाटतात आणि मनाची तयारी किती, यावर माणूस थांबतो, असं ते मानतात. मला मार्कोरा जास्त पटतात. २००९च्या त्यांच्या प्रयोगात दीड तास संगणकावर डोकं शिणवलेली माणसं सायकलवर सुमारे १५ टक्के लवकर थकली, हृदय-फुप्फुसं मात्र नेहमीसारखीच चालली होती. तेव्हा मार्चअखेरचे हिशेब मिटवून संध्याकाळी वेगाचा सराव नको.

पहिले दोन किलोमीटर सोबत्याशी अख्खं वाक्य बोलता येईल इतकंच पळा. चढावर घड्याळ बघू नका. आणि "आलंच आता, थोडंच राहिलं" असं खोटं सांगायची आपली लाडकी खोड सोडा. अंतर चुकीचं कळलं की मेंदूचा सगळा हिशेब फिसकटतो.

पुण्याचा वेगही इथे आणू नका. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि गारवा वाळण्यातूनच मिळतो. डोकं भणभणलं, बोलणं अडखळलं, तर जिद्द बाजूला ठेवा: सावली, अंगावर पाणी, लगेच दवाखाना.

पाणी तहानेपुरतंच. २००२च्या बोस्टन मॅरेथॉननंतर तपासलेल्या ४८८ जणांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम घटलेलं निघालं, ते बहुतेक अति पिण्याने.

तासाभराच्या पळण्यात एक गंमत करून बघा. २००४मध्ये सायकलपटूंनी पिष्टमय द्रावणाची नुसती चूळ भरून थुंकली, तरी तासाभराच्या चाचणीत सुमारे पावणेदोन मिनिटं वाचली. तोंडातूनच मेंदूला खबर जाते. मी गोड कोकम सरबताची चूळ भरतो. ते गटारात थुंकताना बघून शेजारच्या काकू अजून चिडतात.