लंगोटाच्या कापडातली खळ आधी काढा

मी इचलकरंजीत मागावर काम करतो. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला, आणि आता आमच्या गल्लीत मागाशी संबंध नाही असं घर सापडणं अवघड. दिवसभर हातातून सुती कापड जातं, तरी थोरल्याच्या वेळी मी दुकानातून डायपरच आणत होतो. धाकटीच्या वेळी शेडमध्ये काम कमी होतं, आठवड्याचा पगार अर्ध्यावर आलेला. एक डायपर साधारण दहा रुपयांना आणि दिवसाला आठ लागणार, म्हणजे आठवड्याला 560 रुपये. आई म्हणाली, "अरे, तुम्हा दोघा भावांना मी बाळुत्यांवरच वाढवलंय. कापड तर तुझ्या हाताखालनं जातंय." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

घरात जुनी सुती साडी किंवा धोतर असेल तर पहिला हक्क त्याचा. शेकडो धुण्यांतून गेलेलं कापड मऊ असतं आणि पाणी लगेच पितं. पाचवारी साडी साडेपाच मीटर धरली तर 55 सेंटिमीटरचे वीस चौकोन निघतात. फक्त ती खरंच सुती आहे ना, हे बघा. काठाजवळचा एक धागा काढून काडीपेटीनं पेटवा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. टेरिकॉट असेल तर धागा वितळून टोकाला टणक मणी होतो. तसलं कापड बाळाच्या अंगाला लावू नका, ते शू शोषून घेत नाही.

आमच्या घरी जुन्या साड्या गोधड्यांत गेल्या होत्या, म्हणून मी नवं कापड घेतलं. 48 इंच पन्ह्याचं पातळ कोरं सुती कापड, नऊ मीटर, चाळीस रुपये मीटरनं 360 रुपये. इथं बहुतेक जण एक चूक करतात. कोरं कापड आणलं, एकदा बुचकळलं, वाळवलं आणि बाळाला बांधलं. मग शू सगळी खाली गळते आणि म्हणतात, कापडी लंगोटात काही दम नाही.

दोष कापडाचा नसतो, खळीचा आणि कोऱ्या सुतावरच्या नैसर्गिक मेणाचा असतो. मागावर उभा धागा हजारदा ताणला आणि घासला जातो. तो तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला स्टार्चची खळ चढवतात, ती विणल्यावरही कापडात राहते. कोऱ्या कापडावर बोटानं पाण्याचा थेंब टाकून बघा. अळवाच्या पानावर राहावा तसा तो वरच थांबतो. ती खळ आणि मेण निघेपर्यंत कापड लंगोटाच्या लायकीचं नाही.

मी कापड रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवलं. सकाळी पाणी गढूळ, बुळबुळीत झालेलं, त्याला आंबूस वास. ते ओतून दिलं. मग मोठ्या पातेल्यात पाणी, चमचाभर धुण्याचा सोडा आणि कापड घालून अर्धा तास उकळलं, अधूनमधून लाकडी काठीनं खालीवर केलं. पाणी पिवळट झालं. त्यानंतर स्वच्छ पाण्यातून चार वेळा काढलं, कारण सोडा राहिला तर तो बाळाच्या कातडीला बाधतो. वाळल्यावर पुन्हा थेंब टाकला, तो टेकताक्षणी आत गेला आणि पावली एवढा ओला डाग पसरला. आईनं तेच कापड गालावर फिरवलं आणि म्हणाली, "आता काप."

धुण्याआधी कापू नका. सूत आक्रसतं. माझा 48 इंचाचा पन्हा 46 वर आला, लांबीही अर्ध्या मीटरनं घटली. त्यातून 23 इंचाचे 28 चौकोन निघाले. कडा जाड दुमडून शिवू नका, मांडीला काचतात. एकच बारीक दुमड पुरते. उरलेल्या पट्टीच्या दीड इंच रुंद नाड्या केल्या. नाडी कमरेला एक वेढा घेऊन गाठ बसेल एवढीच ठेवा. लांब सुटी नाडी पाळण्यात नको, बाळाच्या हातापायाला गुंडाळली जाते. पिना मी घरातही ठेवल्या नाहीत.

बांधणं आई बघता बघता शिकवून गेली. चौकोनाचा त्रिकोण करायचा, लांब बाजू कमरेखाली, मधलं टोक पायांमधून वर, दोन्ही कोपरे पोटावर आणून नाडी. गाठीखालून दोन बोटं सहज जायला हवीत. नाळ पडेपर्यंत लंगोट बेंबीच्या खालीच बांधा, म्हणजे ती जागा कोरडी राहते. त्रिकोणाच्या आत जुन्या बनियनची आठ पदरी घडी ठेवतो. ती घडी शिवून टाकू नका. सुटी असली की धुताना उलगडते, स्वच्छ निघते आणि लवकर वाळते. शिवलेली जाड गादी पावसाळ्यात दोन दिवस ओली राहते आणि तिला कुबट वास लागतो, हे मी शेजारच्या घरी बघितलंय.

अंथरुणावर शंभर रुपयांचं मेणकापड, त्यावर गोधडी, गोधडीवर दुपटं. मेणकापड बाळाच्या अंगाला थेट लागता कामा नये. वीस रुपयांचा सोडा धरून माझा सगळा खर्च 480 झाला.

आता धुणं. हे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय, विशेषतः बाप होणाऱ्यांना. लंगोटाचे पैसे वाचतात ते कुणाच्या तरी हातांच्या जोरावर. ते हात बाळंतिणीचे असू नयेत. तिला टाके आहेत, रात्रभर पाजणं आहे, पहिले चाळीस दिवस तरी तिनं पाण्यात उकिडवं बसून दिवसाला पंधरा-वीस लंगोट चोळायचे हा अन्याय आहे. मी रात्रपाळीवरून आठला घरी येतो. आंघोळीआधी लंगोट. बायकोनं या वर्षभरात एक लंगोट धुतला नाही, आणि म्हणूनच आमच्या घरी हे टिकलं.

शीचा लंगोट आधी संडासात झटकायचा, मग गार पाण्यात. गरम पाणी आधी घातलं तर डाग कापडात पक्का बसतो. अंगावर पिणाऱ्या बाळाची पिवळी शी गार पाण्यात सहज सुटते, जो पिवळेपणा राहतो तो दोन दिवसांच्या उन्हात आपोआप उडतो. शूचा लंगोट तसाच बंद बादलीत दिवसभर ठेवला तर झाकण उघडताच डोळ्यांत झोंबेल असा वास येतो. म्हणून तो लगेच एकदा खळबळून, पिळून उघड्या बादलीत ठेवायचा आणि दिवसातून एकदा सगळे मिळून साबणानं धुवायचे.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे सुरुवातीला मी काटकसर नको तिथं केली. पावडर भरपूर आणि खळबळणं एकदाच. बाराव्या दिवशी धाकटीच्या मांड्या लाल झाल्या, शू झाली की किंचाळायची. डॉक्टरांनी मलम लिहून देण्याआधी वाळलेला लंगोट मागितला, बेसिनच्या नळाखाली भिजवून पिळला. पांढरा फेस त्यांच्या बोटांवरून ओघळला. "हे तिच्या अंगावर चोवीस तास आहे," एवढंच म्हणाले. ती रात्र मला झोप लागली नाही.

तेव्हापासून साबणाची वडी, तीही कमी, आणि तीन पाण्यांतून काढणं. तिसऱ्या पाण्यात लंगोट पिळल्यावर फेस दिसला तर चौथं पाणी. पाणी वाचवायचं ते असं: शेवटचं, जवळजवळ स्वच्छ असलेलं पाणी बाजूला ठेवून त्याच दिवशी पुढच्या शीच्या लंगोटाला पहिलं पाणी म्हणून वापरायचं. कपडे मऊ करणारं सुगंधी औषध अजिबात घालू नका, त्याचा थर बसला की कापड पुन्हा पाणी पीत नाही. बोअरच्या पाण्यानं लंगोट कडक होतात, ते वाळल्यावर दोन हातांत घोळसून चोळले की मऊ पडतात.

लालसरपणा दोन-तीन दिवसांत उतरला नाही, किंवा जांघेच्या घड्यांत बारीक पुरळ उठलं, तर घरी प्रयोग करत बसू नका, दवाखाना गाठा. पावडर थापू नका. ओला लंगोट लगेच बदलणं आणि थोडा वेळ उघडं ठेवणं, हेच मोठं औषध.

पावसाळ्यासाठी 28 पुरत नाहीत, चाळीस लागतात. मी बारा तुकडे नंतर वाढवले. घरात पंख्याखाली दोरी बांधली, लंगोट एकमेकांना चिकटू न देता टाकले, आणि थोडे दमट असताना इस्त्री फिरवली. गॅसच्या वर वाळत घालू नका. प्रवासाला, लसीकरणाच्या रांगेत आणि कुणाच्या लग्नात मी डायपर वापरले. महिन्याला चार-पाच. त्यात मला काही कमीपणा वाटला नाही. वापरलेला डायपर मात्र गुंडाळून वेगळाच द्यायचा, घनकचऱ्याच्या नियमांतही तसंच आहे. घंटागाडीवरच्या ताईंना तो उघड्या हातानं निवडायला लागू नये.

धाकटी आता चालते. चाळीसातले एकतीस लंगोट धड आहेत, कडेला थोडे विरलेत, पण हाताला मलमलीसारखे लागतात. पुढच्या महिन्यात मेहुणीचं बाळंतपण आहे. परवा ते सगळे उकळून, उन्हात कडकडीत वाळवून, आईच्या जुन्या पातळात बांधून ठेवलेत. साडूला फोनवर सांगितलंय की खळ काढायचं काम झालेलं आहे, तू फक्त दोन बादल्या आणि साबणाची वडी आणून ठेव, आणि सकाळची पाळी मागून घे.