प्रभावी-अप्रभावी जनुकं समजून घेताना होणाऱ्या या चुका टाळा

"प्रभावी जनुक अप्रभावी जनुकाला दाबून टाकतं." बारावीच्या उत्तरपत्रिकांत हे वाक्य इतक्या वेळा येतं की ते बरोबरच असावं असं वाटू लागतं. पण ते बरोबर नाही. बहुतेक वेळा कुणी कुणाला दाबत नसतं. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक काम करते, दुसरीला ते जमत नाही, आणि पेशीचं एकीच्या कामावर भागतं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचे बरेच घोळ सुटतात. हा प्रश्न नुसता मार्कांचाही नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे कित्येक घरांत सोयरीक जुळवताना याच समजुतीवर निर्णय होतात.

दाबणारा शोधू नका, विकर शोधा

मेंडेलचा वाटाणाच घ्या. गोल बी प्रभावी, सुरकुतलेली अप्रभावी, हे सगळ्यांना पाठ असतं. पण सुरकुती पडते कशामुळे? याचं रेणूंच्या पातळीवरचं उत्तर १९९० मध्ये मिळालं, इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जॉन इन्स संस्थेत. स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणारं एक विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) वाटाण्यात असतं. सुरकुतलेल्या वाटाण्यात त्या विकराच्या जनुकात सुमारे ८०० बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) एक उपरा डीएनए-तुकडा घुसलेला सापडला. त्यामुळे विकर निकामी होतं, स्टार्च नीट बनत नाही आणि बीमध्ये सुक्रोज साठून राहतं. साखर जास्त म्हणून बी पाणी जास्त ओढते, टम्म फुगते, आणि वाळताना ते पाणी गेलं की सालीला सुरकुत्या पडतात.

आता संकरित वाटाणा बघा. त्याच्याकडे एक चांगली प्रत आहे, एक बिघडलेली. चांगल्या प्रतीपासून विकर बनतं, ते साधारण निम्मं असतं, पण बी गोल राहायला तेवढं पुरतं. बिघडलेली प्रत तिथेच असते. तिला कुणी गप्प केलेलं नसतं, तिच्याकडे द्यायला काही नसतं एवढंच.

निम्म्यावर भागतं कसं, याचं फार सुंदर स्पष्टीकरण काक्सर आणि बर्न्स या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये दिलं. पेशीतली रासायनिक साखळी अनेक विकरांनी मिळून चालते. त्यातलं एकच विकर निम्मं झालं तरी शेवटी बनणाऱ्या पदार्थात सहसा फारसा फरक पडत नाही. म्हणूनच विकरांच्या बिघाडाचे आजार, उदाहरणार्थ फिनाइलकीटोन्युरिया, बहुतेक करून अप्रभावी असतात. आई-वडील ठणठणीत, आणि मूल आजारी.

"बिघडलेलं ते अप्रभावी" हे सूत्र वापरू नका

ही चूक हुशार मुलंही करतात, कारण वरचं सगळं समजलं की हा निष्कर्ष सहज निघतो. पण काही ठिकाणी निम्मं पुरत नाही. यकृताच्या पेशीवर एलडीएल कोलेस्टेरॉल पकडणारे ग्राही असतात. त्यांच्या जनुकाची एक प्रत बिघडली तरी रक्तातलं कोलेस्टेरॉल लहानपणापासूनच चढं राहतं आणि हृदयविकार लवकर गाठतो. इथे बिघाड असूनही तो प्रभावी ठरतो. हंटिंग्टनच्या आजारात वेगळंच घडतं. त्याच्या जनुकात सीएजी हा डीएनएचा तीन अक्षरी क्रम ४० किंवा त्याहून जास्त वेळा लागोपाठ आला की तयार होणारं प्रथिनच चेतापेशींना घातक होतं. शेजारी चांगली प्रत असून उपयोग होत नाही.

या प्रकारातलं सगळ्यात शिकवून जाणारं उदाहरण म्हणजे कोलॅजन. हाडांमधलं हे प्रथिन तीन पदरी वेणीसारखं असतं: दोन पदर एका जनुकाचे, तिसरा दुसऱ्या जनुकाचा. पहिल्या जनुकाची एक प्रत साफ बंद पडली तर वेण्या निम्म्याच बनतात, पण बनतात त्या सगळ्या धड असतात. हाडं ठिसूळ होतात, तरी आजार तुलनेने सौम्य राहतो. उलट तीच प्रत चालू राहून वाकडा पदर बनवू लागली तर? वेणीतले पहिल्या जनुकाचे दोन्ही पदर चांगले निघण्याची शक्यता १/२ × १/२, म्हणजे फक्त १/४. चारपैकी तीन वेण्यांत निदान एक वाकडा पदर अडकतो. आजार तीव्र होतो, काही बाळं जन्मताच दगावतात. म्हणजे प्रथिन मुळीच न बनणं परवडलं, पण वाकडं बनणं नको. "दाबणं" हा शब्द वापरायचाच असेल तर इथे वापरा, आणि इथे दाबणारी प्रत बिघडलेली आहे हे ध्यानात ठेवा.

"प्रभावी म्हणजे जास्त लोकांत आढळणारं" हा गैरसमजही याच ओघात काढून टाका. अकॉन्ड्रोप्लेजिया हा बुटकेपणा प्रभावी आहे आणि दुर्मीळ आहे. ओ रक्तगट अप्रभावी आहे आणि आपल्याकडे कोट्यवधींचा आहे.

पातळी न सांगता उत्तर लिहू नका

सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनच्या एका घटकाच्या) जनुकातल्या एका कोडॉनात, म्हणजे तीन अक्षरी शब्दात, जीएजीचं जीटीजी होतं आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. हे प्रभावी की अप्रभावी? आधी विचारा, कशाच्या बाबतीत. आजाराच्या बाबतीत अप्रभावी, कारण एएस माणूस, म्हणजे एक नेहमीची ए प्रत आणि एक बदललेली एस प्रत असलेला, सहसा निरोगी असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या बाबतीत सहप्रभावी, कारण ए आणि एस दोन्ही प्रकार साधारण ६०:४० प्रमाणात दिसतात. हिवतापाच्या गंभीर आजारापासून मिळणाऱ्या संरक्षणाच्या बाबतीत जवळपास प्रभावी, कारण एक प्रतही पुरते. जनुक तेच, बदल तोच, उत्तरं तीन. वाटाण्यातही असंच आहे: संकरित बी बाहेरून गोल, पण सूक्ष्मदर्शकाखाली तिचे स्टार्चचे कण मधल्याच रूपाचे दिसतात.

इथेच प्रत्यक्षातल्या दोन चुका होतात, आणि त्या महागात पडतात. पहिली म्हणजे सोल्युबिलिटी चाचणी (सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आली की "सिकलसेल झाला" म्हणून मोकळं होणं. ती चाचणी एएस आणि एसएस (दोन्ही प्रती एस), दोघांतही पॉझिटिव्ह येते. कोण वाहक आणि कोण रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या केल्यावरच कळतं. वाहक मुलीला रोगी ठरवून तिचं लग्न मोडणं हा निव्वळ अन्याय आहे. जपायचं ते एवढंच की दोन्ही बाजू एएस असतील तर आधी समुपदेशन घ्यावं.

दुसरी चूक गणिताची. दोघंही एएस असताना २५ टक्के धोका म्हणजे "एक मूल आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली" असं नाही. प्रत्येक गरोदरपणात धोका तेवढाच, २५ टक्के.

हिशेब जुळत नसेल तर आईवर संशय घेण्याआधी

आईचा गट ओ, वडिलांचा ए, आणि मूल एबी. पनेट चौकोन, म्हणजे आई-वडिलांची जनुकं मांडून मुलांच्या शक्यता काढायचा तक्ता, म्हणतो, अशक्य. पण मुंबईत १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ज्या रक्तगटाची नोंद केली, तो बॉम्बे रक्तगट हे कोडं सोडवतो. ए आणि बी विकरं आपापली साखर चिकटवतात ती लाल पेशीवरच्या एच नावाच्या पायावर. एच बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर पायाच नसतो. बी विकर तयार असूनही त्याला साखर चिकटवायला जागा मिळत नाही. आई चाचणीत ओ दिसते, पण तिच्याकडून बी पुढच्या पिढीत जातं. वडिलांकडून मुलाला चालू एच मिळालं की ते बी उघड होतं. हे प्रभावी-अप्रभावीचं नातं नाही. इथे एक जनुक दुसऱ्या जनुकाच्या कामाआड येतं, तेव्हा उत्तरात ते वेगळं लिहा.

रक्तपेढीत हे ओळखण्याची खूण म्हणजे अशा माणसाचं सीरम ओ गटाच्या पेशींनाही गोळा करतं. त्याच्या रक्तात एचविरोधी प्रतिपिंडं असतात, म्हणून त्याला ओ रक्त चालत नाही, बॉम्बे गटाच्याच दात्याचं लागतं. घरात असा कुणी असेल तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्या. प्रत्येक भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता निदान चारात एक असते, आणि वेळेला दाता घरातच सापडू शकतो.